डोंगरवाटेचे श्रमदान आणि सरकारची जबाबदारी

समाजवादी कार्यकर्त्याला श्रमदान हा शब्द नवा नाही. सेवा दलाच्या शिबिरात कुदळ-फावडे हाती घेऊन ज्यांच्या सार्वजनिक जीवनाला सुरुवात झाली, असे कितीतरी जण आजही चळवळीत आहेत. तथापि श्रमदानाच्या अर्थशास्त्राचा विचार चळवळीत फारसा झालेला नाही. एका वर्गाला ते नैतिक शिक्षणाचे साधन वाटते; त्यातून काय निर्माण झाले, कोणासाठी झाले आणि पुढे ते कोणी सांभाळले, हे प्रश्न तो वर्ग विचारीत नाही. दुसरा वर्ग, विशेषतः कामगार संघटनांत वाढलेला, श्रमदानाकडे संशयाने पाहतो. एकाने फुकट काम केले की दुसऱ्याच्या मजुरीवर गदा येते, हा त्याचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. हा वाद केवळ तात्त्विक चर्चेने सुटणारा नाही. त्यासाठी एखादा दीर्घकाळ चाललेला, हिशेब ठेवलेला प्रयोग तपासावा लागतो. असा एक प्रयोग भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातच, अमेरिकेत, शंभर वर्षे चालू आहे, आणि गेल्या दोन वर्षांत तो कसोटीला लागला आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात समुद्रकिनाऱ्याशी साधारण समांतर अशी ॲपलाचियन डोंगररांग आहे. तिच्या माथ्यामाथ्याने, दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेकडील मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची एक पायवाट आहे. तिला ॲपलाचियन ट्रेल म्हणतात. तिच्यावर वाहन चालत नाही. चालण्यासाठी पैसे पडत नाहीत. दोन राष्ट्रीय उद्यानांतील प्रवेश वा मुक्कामाचे शुल्क आणि तुरळक ठिकाणचे मुक्कामाचे भाडे सोडले तर ती कोणालाही खुली आहे. ही वाट मुख्यतः स्वयंसेवकांनी आखली, आणि आजही तिची देखभाल तीसएक स्थानिक मंडळांचे स्वयंसेवकच करतात. सर्वसाधारण वर्षात पाच-सहा हजार माणसे मिळून दोन लाख तासांहून अधिक काम करतात.

हे काम म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही. डोंगरात वाट एकदा पाडली की ती कायमची झाली, अशी समजूत असते. वस्तुतः वाट मोडत असते, आणि ती पायांपेक्षा पाण्याने अधिक मोडते. उतारावरची वाट जोराच्या पावसात ओहोळ बनते. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात, चालणारा माणूस दगड चुकवून कडेने पाय टाकतो, कडेचे गवत मरते, आणि चार हंगामांत दोन फुटांच्या वाटेची दहा फुटांची घळ होते. यावरचा उपाय साधा आहे, पण कष्टाचा आहे. ठरावीक अंतरावर वाटेला तिरके दगड किंवा ओंडके पुरायचे, म्हणजे पाणी त्यांना अडून कडेला उतरते. त्या दगडांमागे साचलेला गाळ आणि पालापाचोळा दरवर्षी उपसायचा. तो उपसला नाही तर पाणी दगडावरून उडी मारून पुन्हा वाटेवर येते आणि आधीची मेहनत वाया जाते. चढ फार उभा असेल तेथे वाट फिरवून नागमोडी करायची, ते शक्य नसेल तर पहारीने दगड हलवून पायऱ्या बसवायच्या. उत्तरेकडे मेन राज्यात दलदल आहे, तेथे फळ्या टाकायच्या. वादळात उन्मळून पडलेली झाडे कापून बाजूला करायची. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्याने जी क्षेत्रे निबिड अरण्य म्हणून राखली आहेत तेथे यंत्राला मनाई आहे. तेथे दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची जुनी लांब करवत वापरावी लागते आणि ती चालवण्याचे शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. सबंध वाटेची खूण तीच. ते पट्टे फिकट झाले की पुन्हा रंगवायचे. रात्रीच्या मुक्कामासाठी तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी अशी अडीचशेहून अधिक लाकडी आश्रयस्थाने आहेत. त्यांची छपरे शाकारायची आणि शेजारचे शौचकूपही साफ ठेवायचे. या शेवटच्या कामाचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

संघटनेच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा एक भाग असतो आणि मंडळ त्यातले काही मैल एकेका सभासदाच्या नावे लावून देते. रेल्वेच्या रुळांवर गँगमनची जशी हद्द ठरलेली असते तसेच हे आहे. अमुक ओढ्यापासून तमुक खिंडीपर्यंतची वाट आपली, तिथले झाड पडले तर विचारणा आपल्याला होणार, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस वीस-वीस वर्षे टिकतो. ज्याला फक्त ‘या, काहीतरी करा’ असे सांगितले जाते तो एका शिबिरानंतर दिसत नाही. आपल्या शाखांची सभासद-नोंदणी आणि त्यातील प्रत्यक्ष काम करणारे यांचे प्रमाण ज्यांनी कधी काढून पाहिले असेल, त्यांना यावर अधिक सांगायला नको.

आता या वाटेच्या जन्माकडे वळू. वाटेची कल्पना मांडणारा बेंटन मकाय हा वनशास्त्रज्ञ होता. हार्वर्डमधून शिकून तो सरकारी वनखात्यात लागला होता. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना काम कोठून द्यायचे हा प्रश्न अमेरिकेत उभा राहिला तेव्हा, १९१९ साली, त्याने मजूर खात्यासाठी रोजगार आणि नैसर्गिक साधनसंपत्ती या विषयावर एक अहवाल लिहिला. सार्वजनिक जमिनीवर सरकारने लोकांना वसवावे, जंगल आणि शेती यांत स्थिर रोजगार निर्माण करावा, आणि ती जमीन सट्टेबाजांच्या हाती जाऊ देऊ नये, असा त्याचा आशय होता. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य, आणि त्या कामातून समाजाची मत्ता वाढावी, हा विचार मराठी वाचकाला परिचित आहे. मकाय त्याच दिशेने विचार करीत होता. अमेरिकन संसदेने तो अहवाल बाजूला ठेवला.

१९२१ च्या वसंतात मकायच्या पत्नीचा मृत्यू झाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि शांततेसाठी काम करणारी ती कार्यकर्ती होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात, न्यूयॉर्कच्या श्रमिक वस्तीत काम करणाऱ्या हडसन गिल्ड या संस्थेच्या शेतावर मित्रांच्या आग्रहावरून बसून, त्याने आपली योजना कागदावर उतरवली आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये ती वास्तुशिल्पज्ञांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती योजना आज जे वाचतात त्यांना आश्चर्य वाटते, कारण तिच्यात पायवाट हे चार अंगांपैकी फक्त एक अंग आहे. दुसरे अंग मुक्कामाच्या आश्रयस्थानांचे. तिसरे सामुदायिक वसाहतींचे. या वसाहती खासगी घरबांधणीचा धंदा होता कामा नयेत, असे त्याने बजावले होते. चौथे अंग अन्न पिकवणाऱ्या सहकारी शेतीचे. डोंगरमाथ्यावर उभा राहिलेला एक राक्षस दक्षिणेकडे चालत निघाला तर त्याला दोन्ही बाजूंना काय दिसेल, अशी कल्पना करून त्याने पूर्वेची गजबजलेली शहरे, ओस पडत चाललेली डोंगरी गावे, वापराविना पडलेली जमीन आणि कारखान्यात पिचणारा माणूस यांचे एकत्र चित्र रंगवले. माणसाला विश्रांती कोण देणार, आरोग्य कोण देणार आणि जमिनीवर काम कोण देणार, हे तीन प्रश्न त्याने एकमेकांपासून तोडले नाहीत. नफ्याचा हिशेब जेथे लागू होणार नाही असा एक पट्टा देशाच्या कण्यावर उभारावा, एवढा मोठा त्याचा हेतू होता.

या विचाराचा मुंबईशीही एक धागा आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडिस १९२३ मध्ये अमेरिकेस गेले, आणि त्याच हडसन गिल्डच्या शेतावर मकाय, लुई ममफर्ड प्रभृती मंडळींशी त्यांच्या भेटी झाल्या. नदीचे खोरे, त्यातले व्यवसाय आणि त्यातली वस्ती यांचा एकत्र अभ्यास केल्याखेरीज नियोजन होत नाही, हे गेडिस यांचे प्रतिपादन होते. मकायने आयुष्यभर गेडिस यांचे ऋण मानले. गेडिस यांच्या मागोमाग त्या विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली आणि विभागाने वेगळी वाट धरली. मुंबईच्या नगररचनेने गेडिस यांचे किती ऐकले हे मुंबईकराला सांगण्याची गरज नाही.

१९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन भागात वाटेचा पहिला तुकडा खुला झाला आणि १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे ॲपलाचियन ट्रेल कॉन्फरन्स ही मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. नंतर काही वर्षे काम रेंगाळले. मकाय हा विचारवंत होता. बैठका, पत्रव्यवहार, नकाशे, वर्गणी यांत त्याचे मन रमत नव्हते. ही उणीव मायरन एव्हरी या माणसाने भरून काढली. एव्हरी सागरी कायद्याचा वकील, सरकारी नोकरीत होता. १९२७ मध्ये वॉशिंग्टनचे मंडळ स्थापण्यात तो पुढे होता आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत मध्यवर्ती संस्थेचा अध्यक्ष राहिला. हाताने ढकलायचे मापनचक्र घेऊन तो स्वतः मैल मोजीत जाई. मंडळे नव्हती तेथे त्याने ती उभी केली, निष्क्रिय होती त्यांना पत्रे लिहून हैराण केले. त्याच्या तऱ्हेवाईकपणाच्या आणि तापट स्वभावाच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण १९३७ मध्ये वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली गेली ती त्याच्यामुळे, याविषयी दुमत नाही.

या दोघांचे पटले नाही. व्हर्जिनियातील शेनन्डोआ येथे राष्ट्रीय उद्यान होत होते आणि तेथे डोंगरमाथ्यावरून स्कायलाइन ड्राइव्ह हा मोटाररस्ता बांधला जात होता. हा रस्ता नेमका पायवाटेच्या जागेवरून जाणार होता. मकायचे म्हणणे, माथ्यावर मोटार आली की वाटेचा अर्थच संपला. विरोध केला पाहिजे. एव्हरीचे म्हणणे, सरकारशी भांडून वाट तुटक राहील. रस्ता होऊ द्यावा आणि सरकारकडून बाजूला नवी वाट पाडून घ्यावी. १९३५ च्या सुमारास दोघांचे संबंध तुटले. मकाय त्याच वर्षी अरण्यरक्षणाच्या दुसऱ्या संस्थेच्या स्थापनेत सामील झाला आणि एव्हरी आपल्या मार्गाने पुढे गेला.

डाव्या चळवळीत वाढलेल्या माणसाचा कल साहजिकच मकायकडे जाईल. त्याने तत्त्व सोडले नाही, हे खरे. पण तेवढ्यावर निकाल देणे बरोबर होणार नाही. १९२१ च्या योजनेतील चारपैकी तीन अंगांसाठी मकायने स्वतः कोणती संघटना बांधली? सामुदायिक वसाहतीसाठी शेतमजुरांची, खाणकामगारांची, शहरातल्या बेकारांची एकजूट लागली असती. खाणकामगारांच्या संघटना त्याच डोंगररांगेत, पश्चिम व्हर्जिनियात, त्याच १९२१ साली बंदुकीच्या गोळ्या झेलीत होत्या. त्यांच्याकडे ही योजना घेऊन कोणी गेले नाही. ती वास्तुशिल्पज्ञांच्या नियतकालिकात छापली गेली, आणि गिर्यारोहणाची हौस असणाऱ्या वकील, शिक्षक, अभियंते यांच्या मंडळांनी तिच्यातून स्वतःला हवे ते उचलले. एव्हरीवर योजना खुजी केल्याचा आरोप होतो. खरे म्हणजे ज्या वर्गाच्या हाती ती गेली त्या वर्गाच्या गरजेइतकीच ती उरली. सहकारी शेतीची त्या वर्गाला गरज नव्हती.

आणखी एक बाब या वाटेच्या गौरवगाथांत सहसा खालच्या आवाजात सांगितली जाते. १९३७ च्या ऑगस्टमध्ये मेन राज्यात दोन शिखरांमधल्या धारेवर वाटेचा शेवटचा सांधा जोडला गेला, तो स्वयंसेवकांनी जोडलेला नाही. रूझवेल्ट सरकारने मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, बेकार तरुणांसाठी नागरी संरक्षण दल उभारले होते. त्या दलातील तरुणांनी तो जोडला. त्यांना महिन्याला ३० डॉलर वेतन होते आणि त्यातले बहुतेक घरी पाठवावे लागत. शेनन्डोआत मोटाररस्त्यामुळे हललेली वाटही याच दलाने नव्याने बांधली. म्हणजे ज्या वाटेला निखळ श्रमदानाची निर्मिती म्हटले जाते तिच्यात मजुरीच्या श्रमाचा, आणि तोही सरकारी रोजगार योजनेतल्या श्रमाचा, मोठा वाटा आहे. यात वाटेला कमीपणा नाही. मकायच्या १९१९ च्या अहवालाचे एक पान तरी त्या तरुणांनी खरे केले.

जमिनीचा प्रश्न तर याहून अवघड. आरंभी वाट बव्हंशी खासगी जमिनीवरून जात होती आणि तिचा आधार जमीनमालकाचा तोंडी होकार एवढाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीचे भाव वाढले, उपनगरे डोंगरापर्यंत पसरली, मालक बदलले. नवा मालक फाटक लावी आणि स्वयंसेवक पांढरे पट्टे पुसून वाट सडकेवर नेत. साठीच्या दशकात शेकडो मैल पायवाट मोटारींच्या रस्त्यावरून जात होती. कुदळीने या प्रश्नाला उत्तर नव्हते. जमिनीची मालकी ज्याची, वाटेचे भवितव्य त्याच्या हाती. स्वयंसेवकाने किती वर्षे घाम गाळला याची मालकी हक्काच्या कायद्यात कोठे नोंद होत नाही. अखेर कायदा करावा लागला. १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्याने या वाटेला राष्ट्रीय दर्जा दिला, पण जमीन घेण्याचे काम जवळजवळ थंडच राहिले. १९७८ मध्ये कार्टर यांच्या कारकिर्दीत कायद्यात दुरुस्ती झाली, जमीन खरेदीसाठी ९ कोटी डॉलरपर्यंत खर्चाला मान्यता मिळाली आणि एका मैलामागे सक्तीने घेता येणाऱ्या जमिनीची मर्यादा २५ एकरांवरून १२५ एकर झाली. त्यानंतरच्या काही दशकांत जवळजवळ सगळी वाट सार्वजनिक जमिनीवर आली.

सक्तीच्या भूसंपादनाचे समर्थन करताना समाजवाद्याने हात आखडता घेण्याचे कारण नाही, पण डोळे मिटूनही चालणार नाही. शेनन्डोआ उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्याने तीसच्या दशकात साडेचारशेहून अधिक डोंगरी कुटुंबे उठवली. त्यांत कसणारे होते, कूळ होते, नुसतेच वहिवाटीने राहणारे होते. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांना जमिनीची भरपाईही नव्हती. आणि जे उद्यान ‘लोकांसाठी’ म्हणून मोकळे करण्यात आले, त्यात १९३९ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी लुइस माउंटन येथे वेगळी जागा राखून देण्यात आली! हा भेद पूर्णपणे संपायला १९५० उजाडले. धरणग्रस्तांच्या आणि पाणवठ्याच्या लढ्यांतून आलेल्या वाचकाला ‘सार्वजनिक’ या शब्दातील ही दोन्ही भगदाडे ओळखीची वाटतील. सार्वजनिक मालकी आवश्यक आहे. तिच्यासाठी कोण उठवला गेला आणि तिच्या दारात कोण अडवला गेला हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे.

१९८४ च्या जानेवारीत एक वेगळीच घटना घडली. सरकारने खरेदी केलेल्या या जमिनीच्या दैनंदिन व्यवस्थापनाची जबाबदारी राष्ट्रीय उद्यान खात्याने लेखी कराराने स्वयंसेवकांच्या मध्यवर्ती संस्थेकडे सोपवली. असे त्या देशात पूर्वी झाले नव्हते. एकीकडे हा लोकसहभागाचा विजय होता. ज्यांनी वाट सांभाळली त्यांच्या हाती अधिकार आला. दुसरीकडे ते रेगन यांचे राज्य होते, सरकारी खर्चाला कात्री लावण्याचे धोरण उघडपणे जाहीर झालेले होते, आणि फुकटात काम होत असेल तर सरकारने पैसे का घालावेत, हा प्रश्न त्या राजवटीच्या तोंडी शोभणाराच होता. कराराकडे कोणत्या बाजूने पाहायचे?

येथे थोडा हिशेब केला पाहिजे. वर्षाला दोन लाख तास हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पूर्णवेळ कामगार वर्षाला सुमारे २,००० तास काम करतो असे धरले तर दोन लाख तास म्हणजे शंभर कामगारांचे वर्षभराचे काम. म्हणजे दर माणशी ३५ किलोमीटर वाट. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारला शंभर मजुरांचा पगार जड आहे असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा स्वयंसेवकांमुळे सरकारचे पैसे वाचतात, हे जे समर्थन वारंवार केले जाते, ते अर्थशास्त्रीय दृष्ट्या अगदी किरकोळ आहे. या श्रमाचे मोल बचतीत शोधणे म्हणजे ग्रंथालयाचे मोल रद्दीच्या भावाने करण्यासारखे आहे. त्या शंभर पगारी माणसांच्या जागी पाच हजार माणसे वर्षातले काही दिवस डोंगरावर जातात, याला महत्त्व आहे. कोणत्या ओढ्याला कधी पूर येतो, कोणत्या कड्यावर विजेचे मनोरे उभारण्याचा बेत आहे, कोठे झाडतोड सुरू झाली, हे त्यांना सर्वांआधी कळते. आणि १९७८ मध्ये संसदेत खटपट करायला हीच माणसे उभी राहिली. सार्वजनिक मत्तेला असे हजारो पहारेकरी लाभणे ही लोकशाहीची कमाई आहे. पगारी खाते ती विकत घेऊ शकत नाही.

पण पहारेकरी मालकाच्या जागी उभा राहू शकत नाही, हेही त्याच अनुभवाने दाखवले. २०१८-१९ च्या हिवाळ्यात अंदाजपत्रकाच्या भांडणात अमेरिकेचे संघीय सरकार ३५ दिवस अंशतः बंद पडले. त्या काळात संघीय जमिनीवर स्वयंसेवकांनाही काम थांबवावे लागले. फुकट काम करायला सरकारची परवानगी कशाला, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु डोंगरावर करवत चालवताना माणूस जखमी झाला तर त्याच्या नुकसानभरपाईचा भार कायद्याने सरकारवर आहे. सरकारी कचेरी बंद असेल तर तो भार घेणारे कोणी नाही. म्हणजे विनामूल्य श्रमालाही पगारी कर्मचारी, विमा, नकाशे, करवतीचे शिक्षण आणि कोणीतरी उत्तरदायी अधिकारी हे सर्व लागतेच.

२७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन या चक्रीवादळाने दक्षिण ॲपलाचियन भागावर आघात केला. वाटेचे सुमारे ४३० मैल, म्हणजे जवळपास ७०० किलोमीटर, बंद करावे लागले. हजारो झाडे एकमेकांवर कोसळली होती. टेनेसी राज्यात अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीवरचा पूल वाहून गेला आणि पुढे चालणाऱ्यांना होडीतून पलीकडे न्यावे लागले. स्वयंसेवक, वनखात्याची पथके आणि मजुरीवर घेतलेले कसबी झाडतोडे यांनी मिळून २०२५ च्या वसंतापर्यंत त्यातला बहुतेक भाग पुन्हा खुला केला. हे काम चालू असतानाच, २०२५ च्या फेब्रुवारीत, नव्या राजवटीने वनखात्यातील सुमारे ३,४०० आणि राष्ट्रीय उद्यान खात्यातील सुमारे १,००० परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याचा सपाटा लावला. कर्मचाऱ्यांनी दाद मागितल्यावर मार्चमध्ये वनखात्यातील अनेकांना परत घ्यावे लागले. पण पोळलेला माणूस अशा नोकरीवर किती दिवस राहणार? कित्येकांनी स्वतःहून वाट धरली.

स्वयंसेवकांच्या मंडळांपुढे खरा पेच आता आहे. कमी झालेल्या कर्मचाऱ्यांची कामे त्यांनी अंगावर घेतली तर वाट उघडी राहील, पण कपात निभावली गेली असे उद्या आकड्यांनिशी सांगितले जाईल. न घेतली तर वाट मोडेल आणि त्याचा दोषही त्यांच्याच माथी येईल. गिरणीच्या दारात संपाच्या काळात बदली कामगार उभा राहतो तेव्हाचा हाच पेच आहे. फरक इतकाच की येथला बदली कामगार भुकेपोटी आलेला नाही, सद्भावनेने आला आहे. त्यामुळे त्याला हे सांगणे अधिक कठीण जाते. राष्ट्रीय उद्यानांतील स्वयंसेवकांविषयीच्या कायद्यात, स्वयंसेवक नेमून कोणा कर्मचाऱ्याला हटवता येणार नाही, असे स्पष्ट कलम आहे. कलम चांगले आहे. मात्र आधी जागा रिकामी करायची, ती वर्षभर भरायची नाही, आणि मग तेथे स्वयंसेवक बोलवायचा, एवढी पळवाट काढायला कोणत्याही सरकारला फार बुद्धी लागत नाही. मंडळांनी या प्रश्नावर कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी उघड हातमिळवणी केली पाहिजे. गिर्यारोहकांच्या मंडळांचा स्वभाव राजकारणापासून दूर राहण्याचा असतो, आणि ते ‘आम्ही फक्त वाट सांभाळतो’ असे म्हणत राहतील, अशी भीती आहे. एव्हरीचा वारसा येथे त्यांना उपयोगी पडणार नाही.

शिल्लक राहिलेला प्रश्न फुरसतीचा. या वाटेवर कुदळ चालवणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा मोठा आहे. निवृत्तिवेतन आहे, प्रकृती बरी आहे, मोटार आहे, म्हणून आठवड्यातले दोन दिवस डोंगरावर घालवता येतात. ज्याच्या दोन नोकऱ्या आहेत, ज्याला रविवारीही गोदामात जावे लागते, तो या यादीत क्वचितच सापडेल. अमेरिकेत खासगी नोकरदाराला भरपगारी रजा मिळालीच पाहिजे असा संघीय कायदा आजही नाही. रजा देणे-न देणे मालकाच्या मर्जीवर किंवा संघटनेच्या ताकदीवर आहे. मकायने १९२१ मध्ये आपल्या योजनेचा पाया कष्टकऱ्याच्या सुट्टीवर घातला होता. कारखान्यातल्या माणसाच्या वाट्याला वर्षात किती दिवस येतात आणि ते एकत्र केले तर केवढी श्रमशक्ती उभी राहते, हे त्याला मोजायचे होते. १९७५ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, तो वारला तेव्हा वाट पूर्ण होऊन ३८ वर्षे झाली होती, आणि त्या सुट्टीचा कायदा झाला नव्हता. सामुदायिक वसाहती व सहकारी शेते कागदावरच राहिली. पण वाटेलगतची जमीन आता सार्वजनिक मालकीची आहे, मंडळे जिवंत आहेत, आणि ज्या खाणभागातून ती वाट पाहता येते तेथे काम मागणारे तरुण १९३३ सारखेच आजही आहेत. हेलीनने पाडलेली झाडे अजून पुष्कळ उचलायची आहेत. ते काम मजुरी देऊन त्या तरुणांकडून करून घ्या, आणि स्वयंसेवकांना त्यांच्याशेजारी उभे राहू द्या, ही मागणी वॉशिंग्टनमध्ये अद्याप कोणा पक्षाने जोराने मांडलेली ऐकू आलेली नाही.